सिनेटर येट्स: आयर्लंडच्या वरिष्ठ सभागृहात एका कवीने सहा वर्षं काय केलं?

विल्यम बटलर येट्स म्हटलं की आपल्याकडच्या वाचकाला दोन गोष्टी आठवतात: 1923 चं नोबेल आणि रवींद्रनाथांच्या इंग्रजी कवितांना त्याने लिहिलेली प्रस्तावना. तो सहा वर्षं खासदार होता, पगारी खासदार, हे फारसं कुणाच्या ध्यानात नसतं. डिसेंबर 1922 ते 1928 या काळात तो नव्या आयरिश राज्याच्या सिनेटमध्ये बसला, विधेयकांवर बोलला, समित्यांवर खपला. एका भाषणाने तर त्याने इतका धुरळा उडवला की शंभर वर्षांनंतरही आयर्लंडमध्ये त्यातली ओळ लोक म्हणून दाखवतात.

आयरिश संसदेचं कामकाज आज इंटरनेटवर उघडं आहे. सदस्याचं नाव टाका, तो कधी उठला, काय बोलला, कुणी मध्येच टोकलं, सगळं तारखेनुसार मिळतं. पण ते वाचताना पार्श्वभूमी ठाऊक नसेल तर काही हाती लागत नाही. सदस्य कुठून आला, त्या सभागृहाच्या हातात किती ताकद होती, तो विषय त्या दिवशी तिथे आलाच का, हे माहीत नसलं तर भाषण म्हणजे नुसती शब्दांची आतषबाजी वाटते. म्हणून आधी जरा घर दाखवतो, मग माणूस.

डिसेंबर 1922 मध्ये आयरिश फ्री स्टेट अस्तित्वात आलं तेव्हा बेटाचे दोन तुकडे झालेले होते. उत्तरेकडचे सहा जिल्हे ब्रिटनकडे राहिले, बाकीचे सव्वीस स्वतंत्र झाले. ब्रिटनशी झालेला तह मान्य असलेले आणि नसलेले यांच्यात यादवी पेटली होती. नव्या संसदेत दोन सभागृहं होती. कनिष्ठ सभागृह डॉल, लोकांनी निवडून दिलेलं. वरिष्ठ सभागृह शॅनड, म्हणजेच सिनेट, 60 जणांचं. पहिल्या खेपेला यातले 30 डॉलने निवडले आणि 30 सरकारप्रमुख विल्यम कॉसग्रेव्ह यांनी नेमले.

ही नेमणूक मुद्दाम ठेवलेली होती. नव्या राज्यात कॅथलिक 90 टक्क्यांहून जास्त, तर प्रोटेस्टंट सुमारे 7 टक्के. पण जमीनजुमला, बँका, मोठे उद्योग, वकिली यांत या 7 टक्क्यांचं वजन फार मोठं. ब्रिटिश अमलात तेच वरचढ होते आणि आता आपलं काय होणार या धास्तीत होते. त्यांनी देश सोडून जाऊ नये, नव्या राज्यात आपल्यालाही जागा आहे असं त्यांना वाटावं, म्हणून सिनेट. नेमलेल्यांत जुने सरदार-उमराव होते, व्हिस्कीच्या घराण्यातले अँड्र्यू जेमसन होते, सहकारी दुग्धालयांची चळवळ उभी करणारे होरेस प्लंकेट होते, ब्रिटिश अमलात न्यायखात्याच्या सर्वोच्च पदावर राहिलेले लॉर्ड ग्लेनाव्ही होते. ग्लेनाव्ही सभापती झाले. आणि कवी म्हणून, नाट्यगृह चालवणारा माणूस म्हणून, येट्स.

पद मानाचं होतं, पण सुखाचं नव्हतं. तहाच्या विरोधकांनी सिनेटर हे थेट लक्ष्य ठरवले होते. डिसेंबर 1922 मध्येच डब्लिनच्या मेरियन स्क्वेअरमधल्या येट्सच्या घरावर गोळ्या झाडल्या गेल्या, पुढे दाराशी सशस्त्र पहारा बसला. प्लंकेटचं घर जाळलं. येट्सचा मित्र ऑलिव्हर गोगार्टी हा डॉक्टर, लेखक आणि सिनेटर. त्याला जानेवारी 1923 मध्ये बंदूकधाऱ्यांनी घरातून उचलून नेलं. गडी लिफी नदीत उडी टाकून पोहत निसटला, जीव वाचला तर नदीला दोन राजहंस देईन असा नवस बोलला आणि पुढच्या वर्षी तो फेडलाही. पश्चिम किनाऱ्यावरचं त्याचं घर मात्र राखेत गेलं. या वातावरणात माणसं सभागृहात येऊन विधेयकाच्या कलमांवर वाद घालत होती, हे कामकाज वाचताना सतत लक्षात ठेवावं लागतं. येट्स मतदानात बहुतेक वेळा सरकारच्या बाजूने असे, त्याचं एक कारण हेही आहे. याच काळात सरकारने 77 कैद्यांना गोळ्या घालून देहदंड दिला. कवीकडून अपेक्षा असते ती इथे त्याने पुरी केली असं म्हणवत नाही.

आता ताकदीचं. सिनेटकडे नकाराधिकार नव्हता. डॉलने मंजूर केलेलं विधेयक सिनेट फार तर 270 दिवस अडवून धरू शके, त्यानंतर ते आपोआप पार. पैशाच्या विधेयकावर तर 21 दिवसांत मत सांगायचं आणि गप्प बसायचं. म्हणजे सिनेटरकडे खरी हत्यारं दोन: कलमात दुरुस्ती सुचवणं आणि बोलणं. कुठलंही विधेयक टप्प्याटप्प्याने पुढे जातं. पहिल्या वाचनाला फक्त मांडायची परवानगी, दुसऱ्याला मूळ तत्त्वावर चर्चा, मग समितीच्या टप्प्यावर कलमवार कीस, मग अखेरचं वाचन. येट्ससारखा माणूस दुसऱ्या वाचनाला तळपायचा आणि कलमवार चर्चेत बहुधा गप्प असायचा. अर्थकारणावर तो क्वचित तोंड उघडे. कळत नाही त्यावर बोलायचं नाही, ही शिस्त सभागृहात दुर्मीळच, आजही.

मग तो बोलला कशावर? लंडनमध्ये अडकलेल्या चित्रांवर, सिनेमाच्या सेन्सॉरवर, जुन्या हस्तलिखितांवर, शाळांवर, नाण्यांवर आणि घटस्फोटावर.

चित्रांची गोष्ट थोडक्यात. ह्यू लेन या कलासंग्राहकाने 39 चित्रं आधी लंडनच्या नॅशनल गॅलरीला लिहून दिली होती. नंतर मन बदललं आणि त्याने मृत्युपत्राला पुरवणी जोडून ती डब्लिनला दिली. सही केली, साक्षीदारांच्या सह्या मात्र घेतल्या नाहीत. 1915 मध्ये लुसिटेनिया जहाज बुडालं त्यात तोही गेला. पुरवणी कायद्याने बाद, चित्रं लंडनकडेच. येट्सने 1923 मध्ये हा प्रश्न सिनेटमध्ये आणला आणि पुढेही तो लावून धरला. तडजोड झाली ती 1959 मध्ये, येट्स जाऊन वीस वर्षं झाल्यावर. चित्रं आळीपाळीने दोन्हीकडे ठेवायची असं ठरलं.

सेन्सॉरवर 1923 मध्ये चित्रपटांसाठीचं विधेयक आलं तेव्हा तो म्हणाला की कला उच्च असो की हलकी, तिचा निवाडा माणसांच्या सर्वसाधारण सदसद्विवेकावर सोडता येतो. विधेयक अर्थातच मंजूर झालं.

आता त्या गाजलेल्या भाषणाकडे येऊ. तारीख 11 जून 1925.

ब्रिटिश अमलात इंग्लंडमध्ये 1857 पासून कोर्टात घटस्फोट मिळत होता, पण तो कायदा आयर्लंडला लागूच केला नव्हता. आयरिश माणसाला पुरता घटस्फोट हवा, म्हणजे पुन्हा लग्न करता येईल असा, तर लंडनच्या संसदेत त्या एका जोडप्यापुरतं विधेयक मंजूर करून घ्यावं लागे. खर्च अफाट, त्यामुळे मूठभर श्रीमंतच त्या वाटेला जात. 1922 नंतर लंडनची संसद गेली, तिची जागा डब्लिनच्या संसदेने घेतली. साहजिकच अशी तीन विधेयकं डब्लिनला दाखल झाली. आता कॅथलिक बहुमताच्या संसदेने घटस्फोटाला मंजुरी द्यायची का? कॉसग्रेव्ह यांनी डब्लिनच्या आर्चबिशपांचा सल्ला घेतला, सल्ला काय असणार ते उघड होतं. सरकारने कायदा करून बंदी घालण्याची भानगड केली नाही. फेब्रुवारी 1925 मध्ये डॉलने ठराव केला की कामकाजाचे नियमच असे बदलावेत की असली विधेयकं दाखलच होऊ नयेत. दारच बंद, मग आत कोण येतं याची चर्चा नको.

हा ठराव सिनेटकडे आला तेव्हा सभापती ग्लेनाव्ही यांनी तो राज्यघटनेत बसत नाही म्हणून बाजूला ठेवला. घटनेने नागरिकाला दिलेला मार्ग नियमावलीच्या आडून बंद करता येणार नाही, असं त्यांचं म्हणणं. मग सिनेटर जेम्स डग्लस यांनी मधली वाट काढली. हे गृहस्थ क्वेकर या प्रोटेस्टंट पंथाचे, सिनेटमधले फार कामसू सदस्य. त्यांचा ठराव असा: घटस्फोटाचं विधेयक दाखल होऊ द्यावं, पण दोन्ही सभागृहांनी त्याला पहिलं वाचन दिल्याशिवाय सिनेटने ते पुढे नेऊ नये. तत्त्व शाबूत, व्यवहारात दार बंदच, कारण डॉल पहिलं वाचन कधी देणार नव्हतं. या ठरावावर बोलायला येट्स उठला.

सगळेजण या भाषणाचा शेवट सांगतात. मला विचाराल तर त्यातला भारी भाग सुरुवातीचा आहे. त्याने विषय एकदम उत्तरेकडे नेला. आपल्याला कधी ना कधी बेट एक करायचं आहे, असं सगळेच म्हणतात ना? मग दक्षिणेचा कारभार केवळ कॅथलिक कल्पनांवर चालतो असं दाखवून दिलंत तर उत्तर तुम्हाला कधीही मिळणार नाही. तुमचे कायदे अधिकाधिक कॅथलिक होत जातील, उत्तरेचे इंग्लंडच्या कायद्यांशी जुळत जातील, आणि या राष्ट्राच्या मधोमध तुम्ही पाचर ठोकाल. प्रोटेस्टंट जमीनदारी थाटाचा कवी म्हणून त्याची जी प्रतिमा आहे तिच्यात न बसणारा हा थंड, व्यवहारी युक्तिवाद. आणि घडलंही तसंच. उत्तरेने 1939 मध्ये कोर्टातून घटस्फोटाची सोय केली. दक्षिणेने 1937 च्या नव्या राज्यघटनेतच घटस्फोटबंदी लिहून टाकली.

पुढे त्याने डब्लिनच्या मुख्य रस्त्यावरचे तीन पुतळे सभागृहापुढे उभे केले. एका टोकाला डॅनियल ओकॉनेल, कॅथलिकांना हक्क मिळवून देणारा नेता. दुसऱ्या टोकाला चार्ल्स स्ट्युअर्ट पार्नेल, स्वराज्याच्या लढ्याचा पुढारी. मध्ये उंच स्तंभावर इंग्रजांचा ॲडमिरल नेल्सन. तिघांच्याही खाजगी आयुष्याची कुजबूज सगळ्या शहराला ठाऊक. पार्नेलचं राजकारण तर एका घटस्फोटाच्या खटल्यातच बुडालं होतं. ओकॉनेलच्या बाबतीत जुनी म्हण अशी होती की अनाथ-गरिबांच्या आश्रमाच्या भिंतीवरून काठी फेकली तर ती त्याच्या एखाद्या पोराला लागल्याशिवाय राहायची नाही. येट्सने ती म्हण भर सभागृहात, राष्ट्रपुरुषाच्या नावाने ऐकवली. आपल्याकडे कुणी एखाद्या थोर पुरुषाबद्दल विधिमंडळात असं बोललं तर पुढचे आठ दिवस कामकाज चालणार नाही.

सभापतींनाही राहवलं नाही. मेलेल्यांना आता निवांत पडू द्यावं असं नाही का वाटत, असं त्यांनी विचारलं. येट्सचं उत्तर नोंदलेलं आहे: मी पुढे जातोच आहे, पण मेलेल्यांना निवांत पडू देणं मला मुळीच आवडणार नाही.

कामकाजाचं वृत्त वाचण्यात मजा आहे ती अशा ठिकाणी. छापून आलेल्या निवडक भाषणांत वक्ता एकटा असतो. मूळ वृत्तात सभापतींचा चिमटा असतो, मध्येच कर्नल मूर नावाच्या सदस्याने घेतलेली हरकत असते, आणि भाषण हे खोलीभर माणसांपुढे झालेलं बोलणं आहे हे कळतं.

मग शेवटाकडे तो सूर बदलतो. देश स्वतंत्र होऊन तीन वर्षं होत नाहीत तोच अल्पसंख्याकांना जुलमी वाटणारी गोष्ट आपण चर्चेला घेतो ही शोकांतिका आहे, असं म्हणतो. आणि मग ती ओळ: ज्यांच्याविरुद्ध तुम्ही हे केलंत ते आम्ही कुणी क्षुद्र लोक नाही. युरोपातल्या थोर वंशांपैकी आम्ही एक आहोत. आम्ही बर्कची माणसं, ग्रॅटनची, स्विफ्टची, एमेटची, पार्नेलची माणसं (हे सगळे आयर्लंडचे नामवंत प्रोटेस्टंट). या देशाचं आधुनिक साहित्य बहुतेक आम्ही घडवलं, त्याच्या राजकीय जाणिवेतलं जे उत्तम ते आम्ही दिलं.

ऐकायला हे जबरदस्त आहे. तरी थोडं थांबून बघावं. सुरुवातीला मुद्दा होता नागरिकाच्या हक्काचा: बहुमताचा धर्म काहीही असो, अल्पसंख्याकाच्या घरात कायद्याने डोकावू नये. शेवटी मुद्दा झाला घराण्याच्या खानदानीपणाचा: आम्ही इतके मोठे, आमच्याशी असं वागता? म्हणजे हक्क मिळवायला आधी बर्क-स्विफ्टचं गोत्र दाखवावं लागेल. ज्या गरीब कॅथलिक बाईला दारुड्या नवऱ्यापासून सुटका हवी होती तिचं काय? ती या भाषणात कुठे नाही. शिवाय ज्यांच्या वतीने तो गरजत होता त्या प्रोटेस्टंटांनाही घटस्फोटाचा फार उमाळा नव्हता, त्यांच्या बिशपांपैकी काहींनी विरोधच केला होता. त्यांना धास्ती अशी की हा आपल्या नावाने भांडण ओढवून घेतोय. येट्सचा हा उच्चकुलाचा अभिमान पुढे आणखी घट्ट झाला. 1933 च्या सुमारास तो काही काळ ब्लूशर्ट या फॅसिस्ट वळणाच्या संघटनेकडे ओढला गेला, तिच्यासाठी गाणीही लिहिली. 1925 चं भाषण अल्पसंख्याक हक्कांची सनद म्हणून उद्धृत करणारे हा धागा सहसा सोडून देतात.

डग्लस यांचा ठराव मंजूर झाला. येट्स हरला. तुमचा विजय अल्पकाळ टिकेल, तो म्हणाला होता. तो अल्पकाळ बराच लांबला. 1986 मध्ये बंदी उठवण्यासाठी सार्वमत झालं, 63 टक्क्यांहून जास्त लोकांनी नकार दिला. 1995 मध्ये पुन्हा झालं, तेव्हा होकार आला तो सोळा लाखांवर मतदारांतून अवघ्या 9,114 मतांनी. म्हणजे भाषणापासून सत्तर वर्षं. या सत्तर वर्षांचं श्रेय भाषणाला देणं चूक ठरेल. ते काम स्त्रियांच्या संघटनांनी, वकिलांनी आणि बदललेल्या समाजाने केलं. भाषणाने केलं ते एवढंच की हे सगळं बिनबोभाट झालं नाही, कुणीतरी उभं राहून विरोध केला होता, ही नोंद मागे ठेवली.

याउलट जिथे त्याचा खराच हात लागला त्या कामात आरडाओरडा अजिबात नव्हता. ते काम नाण्यांचं.

मार्च 1926 मध्ये नाण्यांचं विधेयक सिनेटमध्ये आलं. नवं राष्ट्र अजून ब्रिटिश राजाच्या तोंडवळ्याची नाणी वापरत होतं. येट्स म्हणाला की सरकारची टपाल तिकिटं आणि नाणी म्हणजे राष्ट्राच्या अभिरुचीचे मूक राजदूत. ती कुणातरी कारकुनाने ठरवू नयेत, जाणकारांची समिती नेमावी. समिती नेमली गेली, अध्यक्ष अर्थात हाच. तोंडाने सांगणं सोपं, पण या समितीचं काम खरंच वाखाणण्याजोगं झालं.

त्यांनी आधी विषय ठरवून टाकला: एका बाजूला आयरिश वीणा, दुसऱ्या बाजूला या शेतीप्रधान देशातले पशुपक्षी आणि मासे. पुढारी नकोत, संत नकोत, आयर्लंडचं चिन्ह मानली जाणारी शॅमरॉकची तीनदली पानंही नकोत. सात शिल्पकारांनी स्पर्धेसाठी नमुने पाठवले, आयर्लंडचे तीन, बाकी इटली, स्वीडन, अमेरिका, इंग्लंडचे. नमुने नावाविना तपासले आणि निवड झाली पर्सी मेटकाफची. हा इंग्रज निघाला. काही वर्षांपूर्वीच ज्यांच्याशी बंदुकीने लढलो त्यांच्यातल्याच एकाकडून राष्ट्राची नाणी करून घ्यायची? समितीने कच खाल्ली नाही.

मग शेतीखात्याच्या तज्ज्ञांनी नमुने पाहिले. बैल देखणा होता, पण उत्तम पैदाशीच्या बैलाची ठेवण अशी नसते, शेतकऱ्यांपुढे चुकीचा आदर्श जाईल, म्हणून तो बदलला. डुकरिणीवरही आक्षेप आला. तिचे गोबरे गाल बाजारात चालणाऱ्या जातीचे नव्हते. डुकराच्या गालाच्या मांसाचा बाजारभाव पाहता जुना नमुना टिकणं अशक्यच होतं हे येट्सने नंतर लिहिताना कबूल केलं, पण त्या डुकरिणीसाठी त्याने चक्क सुस्कारा टाकला आहे. अडीच शिलिंगवर घोडा, दोनवर सामन मासा, एकावर बैल, सहा पेन्सवर शिकारी कुत्रा, तीन पेन्सवर ससा, पेनीवर पिल्लांसह कोंबडी, अर्ध्या पेनीवर तीच डुकरीण तिच्या पिल्लांसह आणि फार्दिंगवर, म्हणजे पाव पेनीवर, वुडकॉक पक्षी. डिसेंबर 1928 मध्ये नाणी बाजारात आली. देवाचं नाव नाही, एकही धर्मचिन्ह नाही, म्हणून कॅथलिक वर्तुळात पुष्कळ टीका झाली. लोकांनी मात्र ती आपली मानली. 1971 मध्ये दशमान पद्धत आली तरी बैल आणि सामन राहिले, थेट 2002 मध्ये युरो येईपर्यंत.

शाळांचंही थोडं असंच. 1926 मध्ये सक्तीच्या हजेरीचं विधेयक आलं. येट्स त्या वर्षी स्वतः शाळा पाहत हिंडला होता. वॉटरफर्डमधली जोगिणींची एक शाळा त्याला फार आवडली, तिथे माँटेसोरी पद्धतीने शिकवत. त्या भेटीतून एक मोठी कविता जन्मली, पण सिनेटमध्ये तो बोलला ते जमिनीवरचं: मुलांना सक्तीने शाळेत आणणार असाल तर आधी शाळा बसण्याजोग्या करा, स्वच्छ करा. आणि शिक्षणाचं साध्य खुद्द मूल असावं, राष्ट्र किंवा धर्म नव्हे. घटस्फोटाच्या भाषणातला करारी दरबारीपणा इथे औषधालाही नाही.

1928 मध्ये त्याची मुदत संपली. पहिल्या नेमणुकांत कुणाला बारा वर्षं आणि कुणाला सहा हे चिठ्ठ्या टाकून ठरलं होतं, येट्सच्या वाट्याला सहा आली. तब्येत खालावलेली होती, पुन्हा उभं राहायची इच्छा नव्हती. जाता जाता तो एवढंच सांगून गेला की सभागृहात प्रातिनिधिक माणसं आणण्यापेक्षा कर्तबगार माणसं आणणं महत्त्वाचं. लोकशाहीत हे वाक्य कानाला खटकतं. पण 1925 मध्ये सिनेटच्या जागांसाठी थेट निवडणूक घेतली होती, सगळा देश हाच एक मतदारसंघ, 76 उमेदवार, मतपत्रिका म्हणजे केवढी थोरली. पाव मतदारही फिरकले नाहीत. आयरिश भाषेच्या चळवळीचा जनक डग्लस हाइड त्यात पडला. पुढे हाच गृहस्थ देशाचा पहिला राष्ट्राध्यक्ष झाला. येट्सच्या डोळ्यांसमोर ते उदाहरण नसेल असं वाटत नाही.

ते सिनेट पुढे फार टिकलं नाही. 1934 च्या मार्चमध्ये त्याने ब्लूशर्टच्या गणवेशावर बंदी घालणारं, तेव्हाचे सरकारप्रमुख डी व्हॅलेरा यांचं विधेयक फेटाळलं, आणि डी व्हॅलेरा यांनी लगेच सिनेटच बरखास्त करण्याचं विधेयक आणलं. अडवून धरण्याची मुदत संपली आणि 1936 मध्ये सभागृह गेलं. 1937 च्या राज्यघटनेने नवं उभं केलं, आजचं शॅनड ते हे. सदस्य तेवढेच 60. त्यांतले 43 शेती, कामगार, उद्योग, संस्कृती-शिक्षण, प्रशासन अशा पाच गटांतून येतात. त्यांना मतं देतात नगरसेवक आणि खासदार, म्हणून गटाचं नाव काहीही असलं तरी निवड पक्षाचीच होते. 6 जण विद्यापीठांच्या पदवीधरांनी निवडलेले, 11 जण पंतप्रधानांनी नेमलेले. ऐकून आपल्या विधान परिषदेची आठवण आली असेल तर ते वावगं नाही. पदवीधर मतदारसंघ आहेत, स्थानिक संस्थांचे मतदार आहेत, नेमलेले सदस्य आहेत. राज्यसभेत साहित्य, विज्ञान, कला, समाजसेवा यांतले 12 जण नेमायची कल्पना तर आपल्या घटनाकारांनी या 1937 च्या आयरिश घटनेवरूनच घेतली. विधान परिषदेच्या बाबतीत त्या यादीत सहकार चळवळही घातलेली आहे. ग. दि. माडगूळकर आणि ना. धों. महानोर याच वाटेने आमदार झाले, आणि महानोर तिथे शेती-पाण्यावर पोटतिडकीने बोलत. येट्स आणि मराठीचा आणखी एक, आडवाटेचा, धागा आहे: म्हातारपणी त्याने उपनिषदांचं इंग्रजी भाषांतर केलं ते बडनेऱ्यात जन्मलेल्या श्री पुरोहित स्वामींच्या सोबतीने. पण तोवर त्याचं सिनेट सुटून बरीच वर्षं झाली होती.

आजचं शॅनडही निरुपयोगी म्हणून मोडीत काढायचं घाटत होतं. 2013 च्या ऑक्टोबरमध्ये सार्वमत झालं आणि 51.7 टक्के लोकांनी ते ठेवायचं ठरवलं. मधल्या काळात याच सभागृहात 1971 मध्ये तरुण सिनेटर मेरी रॉबिन्सन यांनी गर्भनिरोधकांवरची बंदी उठवणारं विधेयक आणलं होतं. त्याला पहिलं वाचनसुद्धा मिळालं नाही. म्हणजे मांडायची परवानगीच नाकारली. 1990 मध्ये त्या राष्ट्राध्यक्ष झाल्या.

वाचून बघायचं असेल तर आयरिश संसदेच्या संकेतस्थळावर शॅनडच्या चर्चांमध्ये 11 जून 1925 ही तारीख काढा. येट्सच्या भाषणावर उडी मारू नका. आधी डग्लस यांनी ठराव कसा मांडला ते वाचा, शांत आणि रुक्ष भाषण आहे, पण पेच त्यातच उलगडलेला आहे. मग येट्स. मग त्याच्यानंतर उठलेल्यांनी काय म्हटलं ते, कारण त्या दिवशी मतं द्यायची होती ती त्यांनी.